विजेच्या यंत्रातले दही

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून त्यांना इथे नुसते गुरुजी म्हणू. वय ७४. दीड वर्षापूर्वी पत्नीचे निधन झाले, मुलगा पुण्याला, हे इथे एकटे. पत्नी होती तोवर घरात रोज रात्री विरजण लागत असे आणि सकाळी दही तयार असे. ते कसे लागते याकडे चाळीस वर्षांत आपण एकदाही पाहिले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. आता सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी डबा आणि रात्री दहीभात असा त्यांचा आहार आहे. बापाचे दहीभातावाचून अडते हे पाहून मुलाने दही लावायचे विजेचे यंत्र पाठवून दिले. पण यंत्रातले दही कधी लागते, कधी सकाळी नुसतेच कोमट दूध राहते. कधी वर पाणी आणि खाली रवाळ गोळे. एकदा रात्री वीज गेली, तेव्हा चमच्याला तार सुटली. एकदा न लागलेले दूध टाकवेना म्हणून साखर घालून प्याले, आणि तीन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या, त्या रात्रभर थांबल्या नाहीत. यंत्र बिघडले आहे की माझे काही चुकते आहे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण उलट्यांची हकिगत वाचून मला तो साधा वाटला नाही. ही यंत्रे हल्ली लहान गावांतही दिसू लागली आहेत. शहरातली मुले-मुली आईवडिलांना पाठवतात. त्यासोबतचे माहितीपत्रक बहुधा बारीक अक्षरातले असते आणि ते कोणी वाचत नाही. म्हणून या आठवड्याचे सदर या एकाच विषयाला देत आहे.

आधी एक गोष्ट. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या रात्रीच्या जेवणातून दही गेले, तर उरतो नुसता भात आणि लोणचे. दात नसले, भूक मंदावली, स्वयंपाकाचा कंटाळा आला, की प्रथिने सर्वांत आधी ताटातून जातात. दोनशे ग्रॅमच्या वाटीभर दह्यात साधारण सात ग्रॅम प्रथिने आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे पाव हिस्सा एका वाटीत भागला. शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व मिळण्याचा दूध-दही हाच मुख्य मार्ग. मात्र दही लावल्याने बी-१२ वाढते हा समज चुकीचा आहे. दुधात जेवढे असते तेवढेच, किंवा किंचित कमी, दह्यात राहते. दिवसाची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर आहे आणि वाटीभर दह्यातून तिचा तिसरा-चौथा हिस्सा मिळतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याचा संभव असतो. त्यांनी दह्यावर विसंबून न राहता रक्त तपासून घ्यावे.

दही लागते म्हणजे काय?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. विरजणातले जीवाणू ती खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढत गेले की दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून जाळे विणते आणि त्या जाळ्यात पाणी व स्निग्धांश अडकून राहतात. हे जाळे म्हणजेच दही. जाळे बारीक आणि भक्कम विणले गेले तर कवडी दही. ते घाईने विणले गेले, किंवा विणले जात असताना भांडे हलले, तर त्यातून पाणी सुटते. जाळे तयार होताना दर तासाला झाकण उचलून, भांडे वाकडे करून पाहण्याची सवय बहुतेकांना असते. अशा उतावळेपणानेच अनेक घरांतले दही पाणचट होते.

दूध लावण्याआधी उकळतात ते जंतू मरावेत म्हणून, हे सर्वांना माहीत आहे. उकळण्याचे दुसरेही काम आहे. दूध ८५ अंशांच्या वर काही काळ राहिले की त्यातली पाण्यात विरघळणारी प्रथिने उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. त्यामुळे जाळे जास्त पाणी धरून ठेवते. एक उकळी आली, गॅस बंद केला, असे केलेल्या दुधाचे दही पातळ लागते; मंद आचेवर ढवळत आणखी दहा मिनिटे ठेवलेल्या दुधाचे घट्ट लागते. जुन्या घरांत चुलीच्या वैलावर दूध तासन्‌तास तापत राही. त्या दह्याच्या कवड्या पडत, त्याचे कारण हेच.

आता जीवाणूंविषयी, कारण गुरुजींच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. विरजणातले जीवाणू ढोबळमानाने दोन प्रकारचे. काहींना २५ ते ३२ अंशांची ऊब आवडते. आपल्याकडच्या घरगुती दह्यात, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या ओट्यावर लागत आलेल्या दह्यात, यांचा भरणा असतो. दुसरे ४० ते ४५ अंशांवर झपाट्याने काम करणारे. युरोपात ज्याला योगर्ट म्हणतात ते या दुसऱ्या जातीचे. बल्गेरियाचा स्टामेन ग्रिगोरोव्ह हा तरुण जिनिव्हात वैद्यकीचे शिक्षण घेत असताना, १९०५ साली, त्याने आपल्या देशातल्या दह्यातून यांपैकी एक जीवाणू शोधून काढला. म्हणून त्याच्या नावात आजही ‘बल्गेरिकस’ हा शब्द आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ यांनी त्यावरून असे मांडले की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे. मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले म्हणून त्यांचे हे मत जगभर गाजले; परंतु ते पारितोषिक शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते, दह्यासाठी नव्हे. ते स्वतः १९१६ साली, ७१ व्या वर्षी वारले. दह्याविषयी कोणी फार मोठे दावे करू लागला की मला हे आठवते.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

हे यंत्र म्हणजे झाकणाचा एक डबा. तळाशी विजेची बारीक तार, आणि आत लिटरभराचे एक भांडे किंवा काचेच्या पाच-सात लहान वाट्या. काम एकच : आतली ऊब ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान धरून ठेवणे. साध्या यंत्राला दूध उकळता येत नाही आणि गरम दूध थंड करता येत नाही. दूध चांगले आहे का, विरजण जिवंत आहे का, हेही त्याला कळत नाही. विजेचा खर्च अगदी थोडा. वीस वॅटचे यंत्र सहा तास चालले तर एका युनिटच्या आठव्या हिश्श्याइतकी वीज लागते.

मग घेण्यासारखे आहे का? आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दही लावण्यासाठी यंत्र म्हणजे पैशाचा अपव्यय आहे. स्वयंपाकघरच यंत्र झालेले असते. पण डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा, ओट्यावर ठेवलेले दूध सकाळी जसेच्या तसे असते. अशा वेळी यंत्र उपयोगी पडते, आणि ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना तर फारच. पूर्वी हेच काम गव्हाच्या डब्यात पातेले खुपसून, घोंगडी गुंडाळून किंवा चुलीच्या उबेला ठेवून होत असे.

गुरुजींचे कुठे चुकले?

पत्रात त्यांनी एक तपशील जाता जाता लिहिला आहे. विरजण ते शेजारच्या वहिनींकडून आणतात, आणि त्या वहिनी पूर्वी यांच्याच घरून विरजण नेत असत. म्हणजे वंशावळ पाहिली तर ते त्यांच्या पत्नीचेच विरजण. बाजारच्या दह्यापेक्षा तेच चांगले म्हणून ते मुद्दाम तिथून आणतात.

आणि नेमके तेच यंत्रात लागत नाही. ते विरजण वर्षानुवर्षे ओट्यावरच्या, तीस अंशांच्या आसपासच्या उबेत वाढलेले. त्याला एकदम ४३ अंशांत घातले की त्यातल्या बहुतेक जीवाणूंचे काम थंडावते, आणि उष्णता मानवणारे जे थोडे असतील त्यांना दूध लावायला फार वेळ लागतो. कधी लागते, कधी नाही. यंत्र चांगले आहे, विरजणही चांगले आहे. दोघांचे जमत नाही इतकेच.

ज्या दिवशी वीज गेली त्या दिवशी दूध अर्धवट कोमट राहिले आणि तार सुटली. काही जीवाणू कमी उबेत चिकट द्रव्य तयार करतात. वास स्वच्छ आंबट असेल तर अशी तार बहुधा निरुपद्रवी असते. पण बुडबुडे, फसफस किंवा कुबट वास असेल तर नको ते जंतू शिरले आहेत असे समजून ते दही टाकावे आणि त्याचे विरजण मुळीच ठेवू नये.

पाणी आणि रवाळ गोळे झाले त्या दिवशी त्यांनी पाकिटातले दही विरजण म्हणून वापरले होते, तेही मोठा डाव भरून, आणि यंत्र रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत चालू होते. अकरा तास! या विरजणाला यंत्रात चार ते सहा तास पुरतात. त्यापुढे आम्ल वाढत जाते, जाळे आकसते आणि पाणी बाहेर पडते. विरजण जास्त घातले की दही चांगले लागते हा तर जवळजवळ सार्वत्रिक गैरसमज आहे. जास्त विरजणाने ते लवकर लागते, पण आंबटढाण आणि रवाळ.

न लागलेले दूध

आता त्या रात्रीच्या उलट्यांविषयी. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

दही सुरक्षित असते ते आम्लामुळे. आम्ल चढले की रोगजंतूंना वाढता येत नाही. पण विरजण मेलेले असेल किंवा काम करत नसेल तर दुधात आम्ल चढत नाही, आणि उरते काय? आठ-दहा तास चाळीस अंशांच्या आसपास ऊब दिलेले गोड दूध. रोगजंतू वाढवायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. काही जीवाणूंची बीजे उकळण्यातही तग धरतात. काही जंतू नंतर हाताने, चमच्याने, झाकणाने दुधात येतात. त्यांतला स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असे विष तयार करतो की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. गुरुजींना तसेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

ओट्यावर थंडीत न लागलेले दूध आणि यंत्रात न लागलेले दूध यांत म्हणूनच फरक आहे. थंडीतल्या दुधात सारेच जीवाणू पेंगतात. यंत्रातल्या दुधात विरजणाखेरीज बाकीचे जागे असतात. तेव्हा यंत्रात आठ तासांनंतरही जे दूध लागले नाही ते टाकून द्यावे. उकळून चहाला वापरू नये, पनीर करू नये, मांजरालाही घालू नये. अर्धा लिटर दूध टाकताना जिवावर येते, हे मान्य. आमच्या घरीही येते. परंतु सत्तरीपुढच्या माणसाला, गरोदर स्त्रीला किंवा तान्ह्या मुलाला रात्रभर उलट्या-जुलाब झाले तर अंगातले पाणी किती झपाट्याने उतरते, हे दवाखान्यात रोज दिसते.

याला जोडून दोन सवयींबद्दल लिहितो. दूध कोमट झाले का हे पाहण्यासाठी त्यात बोट बुडवण्याची पद्धत घरोघरी आहे. हाच स्टॅफिलोकोकस निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही असतो. बोटाला फोड किंवा चिरलेली जखम असेल तर विचारायलाच नको. म्हणून बोट न बुडवता स्वच्छ चमच्याने दोन थेंब मनगटावर टाकावेत. थेंब गरम वाटावेत पण चटका बसू नये, म्हणजे दूध ४३-४४ अंशांच्या आसपास आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळत असेल तर उत्तमच. तापाचा थर्मामीटर मात्र दुधात घालू नये. जुना पाऱ्याचा असेल तर कधीही नाही. दुसरी सवय न तापवलेल्या दुधाला विरजण लावण्याची. धारोष्ण दुधाचे दही चवीला चांगले लागते म्हणून काही घरांत अजून तसे करतात. ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबर धरणे ही त्याची लक्षणे. जनावरांचा क्षयही याच वाटेने येतो. दह्याचा आंबटपणा या जंतूंना खात्रीने मारतो असे समजू नये. दूध घरच्या गाईचे असो की पिशवीचे, लावण्याआधी उकळावे.

दूधच विरजण मारते तेव्हा

कधी कधी सगळे नीट करूनही दही लागत नाही आणि दोष दुधात असतो. गाई-म्हशीला कासदाह झाला की कासेत प्रतिजैविकाच्या नळ्या सोडतात. औषध दिल्यावर ठरावीक दिवस ते दूध विकायचे नसते. पण विकले जाते. त्यातल्या औषधाचा अंश विरजणातल्या जीवाणूंना मारतो. दूध नासू नये म्हणून त्यात सोडा घातला असेल तरी आम्ल चढायला वेळ लागतो. एकाच रतिबाच्या दुधाचे दही लागोपाठ दोन-तीनदा लागले नाही आणि त्याच विरजणाने दुसऱ्या दुधाचे लागले, तर गवळीबुवांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दही लागणे ही दुधाची एक घरगुती परीक्षाच आहे म्हणा ना.

करायचे कसे?

अर्धा लिटर दूध घ्यावे. म्हशीचे असेल तर दही आपोआप घट्ट लागते. गाईचे किंवा पिशवीतले पातळ दूध असेल तर उकळण्याआधी थंड दुधातच एक-दोन मोठे चमचे दुधाची पावडर गुठळ्या मोडून मिसळावी. दूध उकळावे, मग मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत ठेवावे. खाली उतरवून झाकून निवू द्यावे. मनगटावरची परीक्षा झाल्याखेरीज विरजण घालू नये, कारण साठ अंशांच्या दुधात घातलेले विरजण तिथल्या तिथे मरते. घाईच्या घरांत दही न लागण्याचे हे पहिले कारण.

विरजण एक चहाचा चमचा, फार तर दीड. ते थोड्या दुधात वाटीत फेटून सगळ्या दुधात मिसळावे. यंत्रासाठी सुरुवात पाकिटातल्या साध्या, ताज्या दह्याने करावी. साखरेचे, फळांचे किंवा सुगंधाचे नको. यंत्राची भांडी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली असावीत. दूध भरले, झाकण लावले, बटण दाबले, की घड्याळ पाहावे आणि चार तास त्याच्याकडे फिरकू नये. साडेचार-पाच तासांनी झाकण उघडून भांडे अगदी हलके तिरके करावे. दही कडेपासून सुटून एकसंध हलले तर झाले. आंबट आवडणाऱ्यांनी आणखी तासभर ठेवावे. लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार तासांत ते आणखी घट्ट होते. अदमुरे दही आवडणाऱ्यांसाठी यंत्र सोयीचे आहे, कारण हव्या त्या वेळी थांबता येते. रात्री झोपण्यापूर्वी लावायचे तर आपोआप बंद होणारे यंत्र हवे. तसे नसेल तर दुपारी लावून संध्याकाळी काढावे. निवृत्त माणसाला दुपारच सोयीची.

पुढचे विरजण कोणी चमचा घालण्याआधी काढून, झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत वेगळे ठेवावे आणि आठवड्याच्या आत वापरावे. ताटातले उरलेले दही विरजणाला चालत नाही. दही वारंवार पातळ किंवा फार आंबट होऊ लागले तर नव्या विरजणाने सुरुवात करावी. विरजण नसताना हिरव्या मिरचीचे देठ घालून दही लावतात, ते कधी कधी लागतेही, कारण देठावर तसे जीवाणू असतात. पण त्यांच्यासोबत आणखी कोण आले हे कळत नाही, म्हणून यंत्रात हा प्रयोग नको. लिंबू पिळले तर दूध फाटते. ते दही नव्हे.

वीज तासभर गेली तर झाकण न उघडता यंत्रावर जाड टॉवेल टाकावा, वीज आली की टॉवेल काढावा आणि वेळ थोडा वाढवावा. यंत्राचा तळ नळाखाली धरून धुऊ नये. प्लग काढून ओल्या फडक्याने पुसावा. ओल्या हाताने बटण दाबू नये. पितळी भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात दही ठेवू नये. ते कळकते, आणि कळकलेले दही म्हणजे पोटात तांबे जाणे. स्टील, काच, चिनी माती चांगली. खापराचे सुगड दह्यातले पाणी शोषून घेते म्हणून त्यातले दही घट्ट होते; पण त्याच्या छिद्रांत जुने जंतू राहतात, तेव्हा दर वेळी नवे वापरता येत असेल तरच.

खाताना

दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचते. दही लागताना दुधातली काही साखर जीवाणू खाऊन टाकतात, आणि उरलेली पचवायला ते आतड्यातही मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली दह्याचा एवढा एक गुण पुराव्यानिशी मान्य केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली दह्याने प्रौढपणीच्या मधुमेहाची शक्यता कमी होऊ शकते असे लिहिण्यास परवानगी दिली, पण पुरावा मर्यादित आहे हे सांगण्याच्या अटीवर. तेव्हा दही उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या दही खातो म्हणून बंद करता येत नाहीत, आणि दह्यात दोन चमचे साखर घालून मधुमेह आटोक्यात राहत नाही. कढी केली की जीवाणू मरतात. प्रथिने आणि कॅल्शियम राहतात, म्हणून कढीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मुलाला जुलाब होत असतील तर ताक-भात, दही-भात चालतो, चांगलाच. पण जलसंजीवनीची जागा ताक घेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. त्यानंतर ताजे, गोडसर दही चमचा-चमचा द्यायला हरकत नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या दह्याबरोबर घेतल्यास दह्यातले कॅल्शियम त्यांना पकडून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. ती गोळी दही खाण्याच्या दोन तास आधी घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दह्यातले फॉस्फरस व पोटॅशियम मोजून घ्यावे लागते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी घरी लावलेले दही खाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असेल तर ताकात मीठ बेताने.

रात्री दही खावे का, हा प्रश्न येणारच. आयुर्वेदाने रात्री दही वर्ज्य सांगितले आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने निरोगी माणसाला त्याने अपाय होतो असे दिसून आलेले नाही. मात्र छातीत जळजळ होणाऱ्यांनी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत. गुरुजींना मी रात्रीचा दहीभात सोडा असे सांगणार नाही. सोडला तर त्या जागी ते काय खातील?

आता शेजारच्या वहिनींकडच्या विरजणाचे. ते टाकायचे कारण नाही, फक्त त्याला त्याची ऊब द्यायला हवी. दूध मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतके, म्हणजे पस्तीस अंशांपर्यंत निवू द्यावे. यंत्र रिकामेच पंधरा-वीस मिनिटे चालवून प्लग काढून टाकावा. दूध आत ठेवून झाकण लावावे, वरून घोंगडीची घडी टाकावी. बटण दाबायचे नाही. रात्री दहाला लावले तर सकाळी आठ-नऊपर्यंत लागते. फार थंडी असली तर अकरा वाजतात. दुपारपर्यंतही लागले नाही तर हेही टाकायचे. गुरुजींना हे मी कार्डावर लिहून कळवले होते. परवा त्यांचे उत्तर आले : दोनदा लागले, एकदा नाही, आणि न लागलेले त्यांनी ओतून दिले.